लाकडी लेथ आणि एक ओळखपत्र

विषय : श्री. दिनकर भालेराव, वय वर्षे सदुसष्ट, राहणार चिंचवड, यांना हस्तकारागीर ओळखपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा अर्ज, अर्जातील त्रुटी, त्रुटींची पूर्तता, आणि पूर्ततेतील त्रुटी.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी चौतीस वर्षं कारकून होतो. कागद कसे साठतात ते मला चांगलं ठाऊक आहे. पण किस्से कागदापेक्षा लवकर साठतात. शिवाय ठरावीक मुदतीनंतर कागद जाळता येतो; किस्से जाळण्याचा नियम अजून कुणी काढलेला नाही.

माझे किस्से साठले ते रविवारच्या हस्तकला बाजारांत. कधी निगडीतल्या बागेच्या कडेला, कधी ताथवड्याच्या एखाद्या टोलेजंग सोसायटीच्या मैदानात, उघड्यावर दहा-वीस टेबलं लागतात. तिथे माझे तीन मित्र हाताने केलेल्या वस्तू मांडतात. माझ्या हाताला एकच कला आहे, ती म्हणजे अर्ज. तेवढ्यावर या मंडळींनी मला ठेवून घेतलं.

दिनकरराव मूळचे लातूरकडचे. एका ओतकामाच्या कारखान्यात ते पॅटर्नमेकर होते. लोखंडी भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे. निवृत्तीनंतर ते जुन्या यंत्रांच्या लाकडी प्रतिकृती करतात. वीतभर लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र; हँडल फिरवलं की खरोखर फिरतो.

आता बाजारवाल्यांनी नियम केला की ओळखपत्र असेल त्यालाच टेबल. बाकी दोघांना ओळखपत्र मिळालं. दिनकररावांना मिळालं नाही, म्हणून ते दुसऱ्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसतात. आणि दिनकररावांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

"भाऊसाहेब," ते मला म्हणाले, "आहे तेवढ्या उजेडात एकदा माझ्या नावाच्या टेबलामागं बसू द्या. मग काय व्हायचं ते होऊ दे."

* * *

ताथवड्याच्या एका बाईंनी दिनकररावांना देवघर करायला सांगितलं. भिंतीतल्या कोनाड्याचं माप लिहून दिलं. महिनाभर खपून दिनकररावांनी सागवानी देवघर केलं. कळस असा की बघत राहावं!

ते कोनाड्यात जाईना. सहा मिलिमीटरनं मोठं!

बाई म्हणाल्या, "काका, मोजलं नव्हतं का?"

"मोजलं की. तीनदा मोजलं."

तेव्हा उलगडा झाला. पॅटर्नमेकरची मोजपट्टीच वेगळी असते. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा ठेवायचा. त्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर जरासा मोठाच असतो. चाळीस वर्षं हातात तीच पट्टी. घरात दुसरी नाहीच.

बाई हसल्या. "म्हणजे थंड झाल्यावर बसेल?"

दिनकरराव गंभीरपणे म्हणाले, "लाकडाचं सांगता येत नाही. पण माणसं बसतात."

* * *

विमलताई महाळुंग्याच्या. त्या गोधड्या शिवतात, पण लुगड्यांच्या नाही. कारखान्यातल्या कामगारांच्या जुन्या युनिफॉर्मच्या! निळा, करडा, खाकी. ज्या कंपनीचे सगळ्यात जास्त युनिफॉर्म येतात, तिचं गेट विमलताईंच्या ज्वारीच्या वावरात उभं आहे. "वावार त्यांनी घेतलं, कापडं आमी घेतो," असा त्यांचा हिशेब.

एका रविवारी गॉगल लावलेल्या एका तरुणीने सगळ्या गोधड्या उलटसुलट केल्या आणि विचारलं, "आँटी, ऑइलचे डाग असलेली नाहीये का? ते ऑथेंटिक वाटतं."

विमलताईंनी आपले हात पाहिले. सोड्याने बोटांची सालं गेलेली.

"डाग काढाया चार दिस गेलं माजं," त्या म्हणाल्या. "आदी सांगायचं न्हाई व्हय?"

* * *

याच विमलताईंकडे चाकणहून एक बाई चार शर्ट घेऊन आली. नवऱ्याचे. कशाने गेला ते तिने सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. एकच म्हणाली, "खिसा तेवढा ठेवा."

विमलताईंनी गोधडीच्या मधोमध खिसा तसाच ठेवला. वर नावाची पट्टीसुद्धा.

पुढल्या बाजारात बाई न्यायला आली. टेबलावर गोधडी पसरली, तिने आधी खिशात हात घातला. चांगला आतपर्यंत.

"काय गं, काय ऱ्हायलं हाय का?" विमलताई घाबरल्या. कापडाच्या नादात काही शिवून तर नाही गेलं?

"नाही ताई. हे सेकंड शिफ्टहून आले की झोपायचे. मी खिशातून किल्ली काढून घ्यायची."

बाईने गोधडीची घडी घातली, खिसा वर येईल अशी. त्या दिवशी विमलताईंनी दुपारपर्यंत एकाही गिऱ्हाइकाला भाव सांगितला नाही. गिऱ्हाइकं आपोआप कंटाळून गेली.

* * *

तिसरा निखिल. मारुंजीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, आयटीत आहे. दिवसभर लॅपटॉप, आणि उरलेल्या वेळात क्रोशाच्या सुईने हत्ती, ससे, कासवं विणतो. सहा फूट उंची, दाढी, आणि मांडीवर गुलाबी ससा!

लोक कौतुकाने हत्ती उचलायचे. "मिसेस करतात का?"

"नाही, मीच."

हत्ती परत टेबलावर. गरम तव्याला हात लागावा तसा! असे तीन रविवार गेले.

शेवटी विमलताई म्हणाल्या, "आईनं क्येलंय म्हन."

त्याने म्हटलं. तासाभरात टोपली रिकामी! एक आजी तर जाता जाता म्हणाल्या, "आईला सांग बाळा, हात असेच चालू देत म्हणावं."

निखिल रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसला. "काका, खोटं बोललो. आई जाऊन सहा वर्षं झाली."

विमलताई म्हणाल्या, "शिकवलं कुनी तुला?"

"आईनंच."

"मंग खोटं कुटं हाय?"

* * *

दिनकररावांनी एकदा पॉवर प्रेस केला. दांडा ओढला की वरचा ठोकळा खाली येतो, खालच्या पत्र्याला खळगा पडतो. पोरं दिवसभर दांडा ओढत होती.

दुपारी एक म्हातारा गृहस्थ येऊन उभा राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "गार्ड कुठाय?"

गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून पुढे बसवतात ती जाळी.

दिनकरराव म्हणाले, "आपल्या वेळी होता का, राव?"

गृहस्थाने उजवा हात खिशातून काढला नाही. नमस्कारही डाव्या हातानेच केला आणि गेला.

दिनकररावांनी आठवडाभर बसून त्या प्रेसला गार्ड केला. काड्यापेटीच्या काडीएवढ्या पट्ट्यांची जाळी. जाळी खाली आल्याशिवाय ठोकळा हलतच नाही!

दोन रविवारांनी गृहस्थ पुन्हा आला. या वेळी त्याने उजवा हात बाहेर काढला. दोन बोटं होती आणि अंगठा. त्या हाताने दांडा ओढला. जाळी खाली, मग ठोकळा. पुन्हा ओढला. पुन्हा.

"एवढं सोपं होतं होय?" तो म्हणाला.

* * *

आता मूळ विषयाकडे.

अर्ज मी स्वतः भरला, सुवाच्य अक्षरात. कचेरीतल्या बाबूने (माझ्याच जातकुळीचा, त्यामुळे मला त्याचा राग येत नाही) नमुना पाहिला आणि म्हणाला, "हे लेथ वगैरे चालणार नाही. हस्तकला परंपरागत पाहिजे. मूर्ती करत नाही का? बैलगाडी तरी?"

दिनकरराव म्हणाले, "साहेब, माझा बाप लेथवर होता. मी पॅटर्नला. पोरगा सीएनसीवर आहे, कॉम्प्युटरच्या लेथवर. तीन पिढ्या झाल्या. परंपरेला अजून किती पिढ्या लागतात, तेवढं सांगा. नातवाला कळवतो."

बाबूने 'लाकडी खेळणी' असा प्रकार लिहून घेतला. तोही माणूसच.

पुढे रकाना क्रमांक अकरा : 'अपंगत्व असल्यास तपशील'.

मी पेन थांबवलं. दिनकररावांनी ते ऐकलं असावं, कारण ते हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, ते नका लिहू. डोळ्याचं नाव काढलं की म्हणतील, आंधळा काय कोरणार. घरी बसा म्हणतील."

चौतीस वर्षांत मी एकही रकाना मोकळा सोडला नाही आणि एकही खोटा भरला नाही. मोकळा सोडणं मला जमलं नसतं. मी 'निरंक' लिहिलं.

* * *

उन्हाळ्यात दिनकररावांच्या उजव्या डोळ्याची नजर पूर्ण गेली. डाव्या डोळ्याला आकार दिसायचे, चेहरे नाही. हे फक्त मला माहीत होतं, अशी माझी समजूत होती.

निगडीच्या बाजारात आमच्या शेजारी कुर्त्यांचं टेबल होतं. त्यांनी कपडे दाखवायला एक प्लास्टिकचा पुतळा उभा केला होता, बरोबर आमच्या कोपऱ्यापुढे. मी चहा आणायला गेलो. परत येऊन बघतो तर दिनकरराव त्या पुतळ्याला लेथ समजावून देत होते!

"हा बेड. हा चक. ह्याच्यात जॉब धरायचा, म्हणजे कातायचा तुकडा. घट्ट धरायचा बरं, नाहीतर फेकतंय."

निखिलच्या हातातली सुई थांबली होती. शेजारचा कुर्तेवाला हसायच्या बेतात होता. विमलताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हसू गिळलं. मग त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून पुतळ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि आवाज जरा बदलून म्हणाल्या, "व्हय का? मंग फुडं?"

"मग टूल पुढं घ्यायचं. सावकाश. घाई केली की लाकूड रडतंय."

"अस्सं! आन् ह्ये चाक कशापायी?"

दहा मिनिटं चाललं. शेवटी विमलताई म्हणाल्या, "लई झ्याक हाय. येतो पुन्यांदा." आणि पायांचा आवाज करत चार पावलं लांब गेल्या.

दिनकररावांनी कपाळ पुसलं. चहा हातात घेतला आणि मला म्हणाले, "गिऱ्हाईक चांगलं होतं, भाऊसाहेब. घेतलं नाही, पण मधनं उठून गेलं नाही. पहिलंच."

मी निखिलकडे पाहिलं. तो हत्तीचा कान उसवत होता. चांगला विणलेला होता तो.

* * *

प्रत्यक्ष पाहणीसाठी तपासणी अधिकारी दिनकररावांच्या घरी आला तो मंगळवारी सकाळी. तरुण, सभ्य. चपला बाहेर काढल्या, 'काका' म्हणाला. आम्ही तिघंही हजर होतो. गॅलरीत दिनकररावांचं कामाचं बाक आहे, तिथे त्याला खुर्ची दिली.

"काका, तुम्हाला जमेल ते काहीतरी करून दाखवा. थोडंसंच."

दिनकररावांनी शिसवीचा तुकडा घेतला आणि दातेरी चाक करायला बसले. रुपयाएवढं. त्यांचं तोंड खिडकीकडे, उजेड येतो तिकडे. डाव्या हाताचा अंगठा लाकडावर पुढे पुढे सरकायचा आणि पटाशी त्याच्या मागोमाग. एका दाताला दोन घाव. जास्त नाही, कमी नाही. मधेच अधिकाऱ्याला त्याचं गावही विचारलं.

त्याला फोन येत होते. तो चार-पाच वेळा बाहेर जाऊन आला. शेवटी आला तेव्हा चाक तयार होतं. दिनकररावांनी ते आधी केलेल्या वीतभर लेथवर चढवलं, हँडल फिरवलं. दुसऱ्या चाकाशी दात बिनआवाज बसले.

अधिकाऱ्याने चाक उजेडात धरलं. दात मोजले. दिनकररावांकडे पाहिलं, परत चाकाकडे पाहिलं.

"सुंदर आहे, काका," तो म्हणाला. फोटो काढला, चहा घेतला आणि गेला. विमलताईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. निखिलने टेबलावर लावायची पाटीसुद्धा रंगवायला घेतली : 'दिनकर भालेराव, लाकडी यंत्रे'.

तीन आठवड्यांनी अहवालाची प्रत आली. दिनकरराव म्हणाले, "वाचा." मी वाचलं :

'दाखविलेली वस्तू उत्कृष्ट आहे. तथापि मी उपस्थित असताना अर्जदार काम करतेवेळी कामाकडे पाहत नव्हते. त्यांची नजर सातत्याने खिडकीकडे होती. एवढे सूक्ष्म काम न पाहता होणे संभवत नाही. सबब सदर वस्तू अर्जदाराने स्वतः, त्याच वेळी केल्याची खात्री होत नाही. फेरपाहणी व्हावी.'

विमलताईंनी पदर तोंडाला लावला.

"परत एकदा वाचा," दिनकरराव म्हणाले.

मी परत वाचलं.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "कळवा त्यांना, भाऊसाहेब. पुढल्या वेळी बघून करतो म्हणावं."

मी तसं लेखी कळवलं. पोच मिळाली आहे. फेरपाहणीची तारीख अद्याप प्राप्त नाही. अर्ज प्रलंबित आहे.