बारशाआधी बावीस पानं

गोकुळदास मास्तर नव्हेत, कंडक्टर. डिचोली–वास्को फेरीवर सत्तावीस वर्षं तिकिटं फाडली आणि निवृत्त झाले. पण गावात कुणाला सरकारी कागद आला की तो आधी त्यांच्याच पडवीत यायचा. शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय हा माणूस कागद खाली ठेवत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक. वाचून वाचून समोरच्याचा जीव नकोसा करायचे, पण सही करावी की नाही ते बरोबर सांगायचे.

ही खोड उगाच नाही लागली. सोळा वर्षांचे असताना वडिलांनी, भिकाजींनी, खाणवाल्यांचा इंग्रजी कागद त्यांच्यापुढे धरला होता. घराखालच्या शेतात दोन वर्षांपुरती माती टाकायची, एवढंच तोंडी सांगितलं होतं. इंग्रजीत वर्गात पहिला आलेला पोरगा तो! पहिलं पान वाचलं आणि ऐटीत म्हणाला, "बरोबर आसा बाबा, करा सही." 'कायमची' हा शब्द तिसऱ्या पानावर होता. ते शेत पुन्हा पिकलं नाही, आणि भिकाजी मरेपर्यंत त्याबद्दल मुलाला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं गोकुळदासांना अजून वाटतं.

असल्या माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला. डिचोलीत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या पुतण्याने, रुद्रेशने, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं. फुकट, खुलं, कुणाची मिंधेगिरी नाही. गोकुळदास खूश! फक्त ब्राउझरमध्ये व्हिडिओच्या जागी नुसता राखाडी चौकोन दिसायचा. त्यासाठी प्लगिन नावाची एक जोडणी लागते, ती एका कंपनीची, आणि ती घालायची तर कंपनीच्या कराराखाली 'मान्य आहे' दाबावं लागतं.

"न वाचता?" गोकुळदासांनी विचारलं.

"काका, जगात कोण वाचतो ते?" रुद्रेश हसला.

झालं! सहा वर्षं तो चौकोन तसाच राहिला. दशावतार म्हणा, कीर्तन म्हणा, रुद्रेशने शिकवल्याप्रमाणे आधी फाइल उतरवून घ्यायची आणि मग दुसऱ्या प्लेअरवर लावायची. एका नाटकापायी अख्खी दुपार खर्ची पडायची. बायको, सुलोचना, म्हणायची, "चालत गेले असते तर एव्हाना बघून परत आले असते." म्हणायची आणि तरीही शेजारी बसून राहायची.

मग दोन हजार चौदा साली सेजलला मुलगी झाली. सेजल ही यांची एकुलती एक. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या आजोबांच्या दाखल्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट काढून ती नवऱ्याबरोबर, ओंकारबरोबर, लिस्बनला गेलेली. पहिलं बाळंतपण माहेरी नाही, आणि सुलोचनेचे गुडघे तिला विमानात चढू देईनात. नातीचे दोन फोटो आले, दोन्हीत डोळे मिटलेले. सुलोचनेला ती हलताना बघायची होती, बस्स. ओंकारने कळवलं, पुढच्या रविवारी बारसं, एका साइटवरून थेट दाखवणार, तुमचे साडेचार वाजता.

थेट म्हणजे आधी उतरवून घ्यायची सोय नाही. रुद्रेश म्हणाला, "काका, रविवारी काकीला घेऊन माझ्याकडे या. माझ्या मशीनवर निवांत बघा."

"नको. नात आमची, आम्ही आमच्या घरात बघू. मी तो करार वाचतो."

डिचोलीच्या झेरॉक्सवाल्याकडून बावीस पानं छापून आणली. सोमवारपासून शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. एकेक वाक्य पाऊण पानाचं, शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरली जायची. डोळ्यांतून पाणी यायचं, मान आखडायची. बुधवारी वाटलं, मरो, दाबून टाकावं. पण बोट उचललं की वडिलांची सही आठवायची. शनिवारी संध्याकाळी बाविसावं पान संपलं. पटलेलं काहीच नव्हतं. नातीसाठी मान्य करायचं ठरवलं.

रविवारी चार वाजता सुलोचना बारशाला निघाल्यासारखी नटून आली. ठेवणीतली साडी, केसांत अबोली. कॉम्प्युटरपाशी समई लावली. गोकुळदासांनी चष्मा पुसला आणि जन्मात पहिल्यांदा न पटलेल्या कागदाला 'मान्य आहे' म्हटलं. प्लगिन आलं. साइट उघडली. राखाडी चौकोनात दोन ओळी उमटल्या: ही साइट प्लगिनची नवी आवृत्ती मागते. तुमच्या सिस्टमसाठी ती आता निघत नाही.

त्यांनी त्या ओळी दोनदा वाचल्या. रुद्रेशला फोन लावला, तो उचलेना. डिचोलीची बस सव्वापाचला.

"काय झालं?" सुलोचनेने विचारलं.

"आपल्यासाठी ते बनवायचंच बंद केलंय."

तिने समईची वात सारखी केली. मग म्हणाली, "आठवडाभर तुम्ही वाचीत बसलात. माका नातीचा तोंड बघूचा होता, ओ." रागावली असती तर सोसलं असतं. पण ती नुसती दमलेली होती, आणि गोकुळदासही इतके दमले होते की त्यांना चूक झाली म्हणायचंही सुचलं नाही. तिकडे पाळणा म्हटला जात असेल, म्हणून दोघं चौकोनापुढे तशीच बसून राहिली.

साडेपाचला फोन वाजला. सुलोचनेने उचलला. "दिसला गो, सगळा दिसला! रडली नाही हो, गुणाची पोर ती." आणि मग पदराने डोळे टिपत तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"बाबा, नाव कसं वाटलं?" सेजल हसत विचारत होती. "मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं. बारशालाच सगळ्यांनी ऐकावं म्हणून."

गोकुळदासांनी बायकोकडे पाहिलं. तिने 'सांगू नका' अशी हळूच मान हलवली.

"बरं आहे," ते म्हणाले. "फार बरं आहे."

फोन ठेवला. सुलोचनेने केसांतली अबोली काढली आणि म्हणाली, "आता मी तिला काय म्हणून हाक मारू?"