नाल्यावरची रेघ

आमच्या कचेरीत तिला सगळे तपासताई म्हणत, आणि ते नाव मीच ठेवलं होतं. आरोग्य खात्याच्या आकडेवारी विभागात तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून. घरून निघताना ती दार तीनदा ओढून बघायची, अर्ध्या जिन्यावरून परत फिरून गॅस बघायची, आणि कचेरीत पोचल्यावर नवऱ्याला फोन करून तोच गॅस पुन्हा बघायला लावायची. नवरा देवमाणूस. जागचा न हलता "बंद आहे गं" म्हणत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी नकाशे काढणारा. शाई, पट्टी आणि पारदर्शक कागद यांत हयात गेली. आता जगभरच्या हौशी लोकांनी मिळून काढलेला नकाशा फुकट मिळतो, मग या म्हाताऱ्याला कोण विचारतो? माझं पोट दुखतं त्यावर, लपवत नाही. तपासताई तो नकाशा 'आर' नावाच्या आकडेमोडीच्या प्रोग्राममध्ये उतरवून घ्यायची. शहराच्या चौकटीचे चार आकडे द्यायचे, रस्ते मागायचे, की दोन मिनिटांत सगळं शहर तक्त्यात हजर, एका रस्त्याला एक ओळ. अक्षांश आधी की रेखांश आधी, हे ती तीनदा बघायची. ते उलटं झालं की आपलं शहर भलत्याच समुद्रात जाऊन पडतं म्हणे.

साहेबांनी तिला विचारलं होतं, रुग्णवाहिकांच्या चार तळांपैकी कुठला बंद केला तर चालेल? तिने रस्ते उतरवले, वेळा काढल्या आणि लिहून दिलं: नाल्यापलीकडचा. अलीकडची गाडी पुलावरून सहा मिनिटांत पलीकडे पोचते. एक तारखेपासून तो तळ बंद झाला.

नवव्या दिवशी सकाळी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर टोपी हातात घेऊन आमच्या खोलीत आला.

"ताई, तुमच्या कागदात नाल्यावर पूल आहे. मला तर कुठे सापडेना. आधी वाटलं, नवीन बांधला असेल. मोठ्या रस्त्याने वळसा घालून जातो, एकोणीस मिनिटं लागतात."

तिने नकाशात ती रेघ उघडली. कुठली रेघ कुणी, कधी काढली, याची तिथे नोंद राहते. नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती आणि शेजारी तिचंच नाव.

पाय मोडून ती तीन महिने घरी पडली होती, तेव्हाचा हा उद्योग. उपग्रहाचे फोटो बघून पलंगावरून रस्ते काढायची. नाल्यावर पांढरी सरळ रेघ दिसली, हिने तिथे पूल रेखाटला. दुपारी आम्ही दोघं जाऊन बघून आलो. पाण्याचा जाडजूड पाइप होता तो. वरून मांजरही जपून गेलं असतं.

"काका, मी एकूण एक रस्ता तपासला," ती पाइपाकडे बघत म्हणाली. "हीच रेघ सोडली. ओळखीची वाटली हो."

मी म्हणालो, "गपचूप पुसून टाका. फुकटच्या नकाशात कोण बघायला बसलंय?" चांगला सल्ला नव्हता, पण मलाही भीतीच वाटत होती, आणि घाबरलेला माणूस असलंच काहीतरी बोलतो. तिने रेघ पुसली. पण बदलाचं कारण विचारणाऱ्या रकान्यात लिहिलं: इथे पूल नाही, पाइप आहे. चूक माझी. मग साहेबांकडे गेली. साहेबांचा आवाज आम्हाला बंद दारातून ऐकू आला. संध्याकाळी तळ पुन्हा सुरू झाला.

मला वाटलं, सुटलो. तिने मात्र त्या नऊ दिवसांत आलेल्या बोलावण्यांची नोंद मागवली आणि तीही प्रोग्राममध्ये उतरवली. नाल्यापलीकडे तीन ठिपके उमटले. दोघांपुढे 'बरे, घरी सोडले' असं होतं. तिसऱ्यापुढचा रकाना कोराच. बाई, वय साठ, अर्धांगाचा झटका. पुढे काही नाही.

दोन दिवस तिने डबा उघडला नाही. गॅसबद्दल फोनही केला नाही, तेव्हा मात्र मी हादरलो. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, याल माझ्याबरोबर? एकटीने नाही जमणार."

नोंदीतल्या पत्त्यावरचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. प्रत्येक मजल्यावर ती कठड्याला धरून थांबायची.

"मेल्या असतील तर, काका?"

बेल शेवटी मी दाबली.

दार उघडायला वेळ लागला. पत्त्यावरच्या बाईंनी स्वतःच उघडलं. तपासताई हमसून हमसून रडायला लागली, आनंदाने. तो आनंद आत जाईपर्यंतच टिकला. बाईंचा उजवा हात पोटाशी निपचित पडला होता. खिडकीपाशी शिलाई मशीन होतं, वर चादर टाकलेली. भिंतीला अर्धवट शिवलेले तीन ब्लाउज टांगलेले.

"कपडे शिवायला टाकायचे असतील तर आता नाही हो घेत," बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, दहा-पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर कदाचित हात राहिला असता. गाडीला उशीर झाला."

"उशीर माझ्यामुळे झाला," तपासताई उभ्यानेच म्हणाली. आणि पूल, पाइप, नऊ वर्षांपूर्वीची रेघ, सगळं सांगून टाकलं. मध्ये एकदाही थांबली नाही.

बाई खुर्चीत बसल्या. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत राहिल्या. ती पुन्हा मिटत होती.

"पुसलास तो पूल?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पुसला."

"तपासलंस?"

तपासताईने पिशवीतून फोन काढला, त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, आणि नकाशा उघडून पुन्हा तो नाला शोधायला लागली. बाई वाकून बघत राहिल्या.