वत्सलाताई आणि सशांची खोली

आमच्या ताईला सशांनी कोंडलं, असं मी म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे.

वत्सलाताई ही नाशिकरोडच्या आमच्या बौद्ध वसाहतीतली पहिली एम.एस्सी. १९७९ साली तिनं इथल्याच एका कॉलेजात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय शरीराची प्रतिकारशक्ती. सशाला मेलेले जंतू टोचायचे आणि पुढं त्याच्या कानाच्या शिरेतून रक्त काढून ते त्या जंतूंशी कसं लढतं ते बघायचं. वडील, म्हणजे आमचे दादा, रेल्वेत गँगमन. त्यांनी तेव्हापासूनच तिला 'आमची डॉक्टरीण' म्हणायला सुरुवात केली. लोक ताप घेऊन दारात यायला लागले.

तिसऱ्या वर्षी ताई शिंकायला लागली. मग डोळे सुजायला लागले, मग दम लागायला लागला. आई अडुळशाचा काढा पाजत राहिली. एका रविवारी मला ताईच्या हातावर सुईचे दोन टोचे दिसले, तिनं स्वतःच टोचून घेतलेले. एकात नुसतं मिठाचं पाणी होतं, दुसऱ्यात सशाच्या केसांचा अर्क. त्या दुसऱ्या जागी रुपयाएवढी गांधी उठली होती.

"शरीर शत्रूला कसं ओळखतं, हाच माझा विषय," ती म्हणाली. "माझ्या शरीरानं ससाच शत्रू ठरवला. आता शरीर ते विसरणार नाही."

"मग तुझ्या गाईडसरांना सांग."

"सर विषय दुसऱ्याला देतील. आणि दादांना काय सांगू, सशाला भ्यायले?"

मला भयंकर राग आला. तिचा, सरांचा, दादांच्या त्या कौतुकाचा. पण कुणाला सांगायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली होती.

१९८५ मध्ये ती खरोखर डॉक्टर झाली. पुण्या-मुंबईला मुलाखती दिल्या, तिथंही सशांवरच्याच कामाला माणूस हवा होता. शेवटी नाशिकमध्येच लस बनवणाऱ्या एका कारखान्यात जागा निघाली, प्राण्यांच्या विभागात. दादांनी वसाहतभर पेढे वाटले. ताई रुजू झाली.

महिन्याभरात दादा इस्त्रीचा सदरा घालून, फोटोग्राफरला घेऊन तिथल्या सशांच्या खोलीत हजर. मीही सोबत होते. "ससा हातात धर. लोकांना कळू दे, काय काम करती ते."

ताईनं पांढरा ससा छातीशी धरला. मी तोंड उघडणार, तोच तिनं मला डोळ्यांनी दटावलं. श्वास रोखून ती हसली.

"बाई हलल्या," फोटोग्राफर म्हणाला. "अजून एक काढावा लागंल."

"सावकाश काढा," दादा म्हणाले. "घाई नाय."