दहापैकी पाच: आभासी पाखरे आणि माझी बोटे

डोळ्यांना दुसरे दृश्य दाखवले, तर सांध्यांचे दुखणे कमी होते का? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे लिहीत आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. आधी प्रश्न, मग निरीक्षण, मग अनुमान, हा क्रम माझ्याकडून सुटत नाही.

निदानाच्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या हातांचा एक्स-रे उजेडासमोर धरला. "ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस," ते म्हणाले. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांना शत्रू समजून त्यांच्यावर हल्ला करते, असा याचा अर्थ. मी एवढेच विचारले, "खडू धरता येईल ना?"

"वेळेत योग्य औषध लागू पडलं, तर येईल. म्हणून दुखणं किती, ते नेमकं सांगत चला."

सांगण्याची रीत सोपी होती. शून्य म्हणजे दुखत नाही. दहा म्हणजे याहून अधिक दुखणे शक्य नाही. सकाळी बोटे इतकी आखडत, की नळ मला मनगटाने फिरवावा लागे. तरी प्रत्येक भेटीत मी "पाच" म्हणत असे. सूज ते पाहत, रक्ताची तपासणीही होई. पण औषध वाढवताना माझा आकडाही विचारात घेतला जाई. तीच गोळी पुढे चालू राहिली.

पुढे मुंबईतल्या एका रुग्णालयात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा प्रयोग सुरू झाला. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणजे आभासी वास्तव: संगणकाने रचलेले दृश्य डोळ्यांभोवती असे बांधायचे, की मन त्यातच गुंतून राहावे. मी नाव दिले. भाईंदरहून माझे यजमान सोबत येत.

डोक्यावर जड टोप आणि हातात तारांचा मोजा चढवला जाई. समोर तळे, काठावर पाखरे. मूठ उघडली की दाणे सांडत आणि पाखरे जवळ येत. चित्र ओबडधोबड होते. घराजवळच्या मुर्ध्याच्या खाडीवरचे बगळे रोज पाहणाऱ्या मला कळत होते, की या पाखरांना सावली नाही. तरीही मी मूठ उघडत राहिले.

काही बैठकांनंतर प्रयोगाच्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, तुम्हाला फारसा उपयोग दिसत नाही. आधी पाच, नंतर चार. पुढे थांबवूया."

यजमान उसळले. "पाच? काल डब्याचं झाकण उघडताना रडलीस, ते पाच? मास्तरीणबाई, दहा मार्क कुणासाठी राखून ठेवलेत? यमासाठी?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मी म्हणाले, "अहो, दहापैकी दहा मी कुणालाच देत नाही."

त्यांचे हसू थांबले. "मग काकू, तुमच्याकडे सर्वांत चांगल्या पेपराला किती मिळतात?"

"सहा. फार तर साडेसहा."

आजाराचे गुणही मी उत्तरपत्रिकेसारखेच, हात राखून देत आले होते.

पुढच्या बैठकीत मी हात न राखता आकडे दिले. टोप चढवण्यापूर्वी नऊ, पाखरांसमोर तीन. नवा एक्स-रे काढला. उजव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. याला इरोजन म्हणतात, म्हणजे हाडाची झीज.

"औषध आता वाढवू," माझे डॉक्टर म्हणाले. "पण झिजलेलं परत येत नाही."

खडू आता माझ्या बोटांत टिकत नाही. मी तोंडी शिकवते. फळ्यावरच्या आकृत्या वर्गातल्या मुली काढतात. त्यांच्या रेषा तिरप्या जातात आणि मी पाहत राहते.

माझ्यापुरते उत्तर असे: होय, दुखणे कमी होते. टोप डोक्यावर असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ. घरी पोहोचून कुलपात किल्ली फिरवेपर्यंत ते आपल्या जागी परत आलेले असते. पाखरे मनाला गुंतवतात. हाड कुरतडणे त्यांना थांबवता येत नाही. तरी त्या घटकाभरच्या आरामाबद्दल मी कृतज्ञ आहे, आणि यजमानांच्या त्या टोमण्याबद्दल अधिक. तो आणखी उशिरा आला असता, तर बहुधा दुसरा हातही गेला असता.

हे एका रुग्णाचे निरीक्षण आहे. ते प्रमाण मानू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांना आकडा सांगण्यापूर्वी, तुमचे दुखणे रोज पाहणाऱ्या घरच्या माणसाला तुमचा आकडा न कळू देता त्याचा आकडा विचारा. दोन्ही जुळतात का, ते कृपया स्वतः पडताळून पाहा.