पाय ओढत चालायचं

१९६१ चा डिसेंबर. आमची प्लाटून गोव्याच्या हद्दीलगत एका खाडीच्या अलीकडे होती. ऑर्डर अशी, की सकाळी पाणी ओसरलं की चालत पार व्हायचं.

मी मालवणचा, म्हणून आदल्या संध्याकाळी हवालदारसाहेब म्हणाले, "पाण्याचं तू सांग सगळ्यांना."

मी सांगितलं. खाडीत पाकट असतो. चपटा मासा. मोठ्या माशाने खाऊ नये म्हणून अंगावर वाळू घेऊन पडून राहतो. रंगही वाळूचाच, दिसत नाही. शेपटीला करवतीसारखा विषारी काटा. आपणहून अंगावर येत नाही, पाय पडला तरच मारतो. म्हणून पाय उचलायचा नाही, वाळूतून ओढायचा. चाहूल लागली की तो निघून जातो.

आमचा एलएमजीवाला लान्सनायक सखाराम, घाटावरचा. म्हणाला, "म्हणजे म्हाताऱ्यासारखं चालायचं की रे."

"म्हातारा व्हायचं असेल तर."

सगळे हसले.

सकाळी उतरलो. पाणी गुडघ्याच्या वर. सगळे पाय ओढत. मधोमध आलो आणि समोरच्या झाडीतून पोर्तुगीजांचा फायर आला. हवालदारसाहेब ओरडले, "धावा. किनारा धरा."

धावताना पाय उचलावाच लागतो. माझ्यापुढचा सखाराम एकदम थांबला. घोटा धरला. तोंड पांढरं.

"मारलं रे तुझ्या पाकटाने."

मी काखेत हात घातला. त्याला पाय टेकवेना.

"सोड मला. दोघं थांबलो तर दोघं जाऊ. मी फायर देतो. पळ."

शेजारी कालवांचं खडप, खडकाचा उंचवटा, उघडं पडलं होतं. त्यावर त्याने एलएमजी टेकवली. त्याच्या फायरखाली आम्ही सगळे पार झालो. हवालदारसाहेब वायरलेसवर बोलत होते, "सेक्शन पार. एक मागे. ओव्हर." तेवढ्यात एलएमजी थांबली.

भरतीच्या आधी त्याला काढला. गोळी छातीत. पाय सुजून टम्म.

पाकटाचा राग मला आला नाही. त्याला दुसरं काय येतं?

पेन्शनीत आलो तरी मी पाय ओढतच चालतो, डांबरी रस्त्यावरसुद्धा. बायको दारातून म्हणायची, "इलो माझो पाकटवालो. चपलां फुकट गावतत काय?" पण दर वर्षी त्या दिवशी सखारामच्या नावाने पान तीच वाढायची. आमच्याकडे पाकट खातात, पण तिने तो कधी घरात आणला नाही.

ती गेली. यंदा पान मी वाढलं. भात करपला. पाय ओढत अंगणात नेऊन ठेवलं आणि म्हटलं, "सखाराम, गोड मानून घे. आता घरात मी एकटोच आसंय."