बांधणीत सपाट झालेलं गणित

"मॅडम, पुस्तक वाचताच येईना," वैशाली फोनवर म्हणाली. शुक्रवारची दुपार होती आणि रविवारी तिची परीक्षा.

वैशाली चाकणजवळच्या निघोज्याची. आजाराने तिची नजर हळूहळू गेली. बँकेच्या नोकरीसाठी ही शेवटची संधी, पुढच्या वेळी ती वयात बसणार नव्हती. बाकी विषय ती ऐकून करायची. गणित मात्र ऐकून होत नाही, आकडे बोटाखाली लागतात. म्हणून चिंचवडच्या आमच्या ब्रेल विभागात मी तिच्यासाठी गणिताचं पुस्तक काढलं. चार जाडजूड खंड. ब्रेल म्हणजे कागदावर उठवलेले ठिपके, ते बोटांनी वाचायचे. आमचे प्रूफरीडर स्वतः अंध आहेत. छपाईनंतर त्यांनी पानन्‌पान तपासलं होतं.

नेहमीचा बाइंडर सुट्टीवर होता, म्हणून बांधणी भोसरीच्या मोरेकाकांकडे दिली. ते कंपन्यांची मशीन मॅन्युअल्स बांधतात. त्यांचा टेम्पो चाकणला जातोच, तर खंड परस्पर वैशालीकडे टाका, असं मीच सांगितलं. दोन दिवस वाचले म्हणून खूशही झाले.

काकांना फोन लावला.

"काका, बांधणी कशी केलीत?"

"एक नंबर! कागद लय फुगला व्हता, मॅडम. दिवसभर प्रेसमधी दाबून ठिवला. एकदम सपाट करून दिलाय."

तो फुगवटा म्हणजेच अक्षरं होती. शिवण कुठे, पुठ्ठा किती जाड, सगळं मी लिहून दिलं होतं. 'दाबू नका' तेवढं लिहिलं नव्हतं. आमच्याकडे ते शिपायालाही माहीत असतं. काकांवर काय चिडणार? त्यांनी जीव ओतून काम केलं होतं. लाज मला माझीच वाटली.

उरलेल्या वेळात एकच खंड पुन्हा छापून झाला. शनिवारी तो न बांधताच निघोज्याला घेऊन गेले.

"सोमवारीच पुस्तक मिळालं होतं ना? तेव्हाच फोन का नाही केलास गं?" मी विचारलं.

"ब्रेल शिकून मला दोनच वर्षं झाली, मॅडम. काल ब्रेल शिकवणाऱ्या आमच्या सरांच्या हाताला बी काय लागंना, तवा कळलं. तोवर मला वाटलं, डोळे गेले तशी आता बोटं बी गेली."

मी तिच्यासमोरच रडले. तिने माझ्यासाठी पाणी मागवलं.

गणितात ती नापास झाली. आता आमच्याकडे बांधणीनंतरही प्रत्येक खंड प्रूफरीडरच्या हाताखालून जातो. नियम चांगला आहे. तो सुचायला आम्हाला वैशालीची शेवटची परीक्षा लागली.