धोटा तोंडाला लावणारे सहा जण

"व्हायरल न्यूमोनिया आहे," एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर म्हणाले. म्हणजे विषाणूंमुळे फुप्फुसाला आलेली सूज. ठाण्याच्या रुग्णालयात नाकाला ऑक्सिजनची नळी लावून मी पडलो होतो आणि डोक्यात एकच नाव होतं, जब्बारचं.

वज्रेश्वरीजवळच्या खेड्यातून मी रिकाम्या हातांनी भिवंडीला आलो. आधी दुसऱ्याचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले, मग तिथल्याच निजामपुऱ्यात स्वतःची शेड उभी केली. मालक झालो तरी एक शिफ्ट मी स्वतः करायचो. जब्बार माझा सर्वांत चांगला कारागीर. फ्लूची साथ आली तेव्हा तो अंगात ताप घेऊन कामावर आला. धोटा म्हणजे मागात आडवा दोरा नेणारा होडीसारखा लाकडी तुकडा. त्यात सुताची नवी कांडी भरली की धोट्याच्या भोकाला तोंड लावून दोरा ओढून घ्यायचा, ही आमची पद्धत. त्याची शिफ्ट संपली आणि तोच धोटा मी तोंडाला लावला. तिसऱ्या दिवशी मला ताप चढला. मी त्याला सगळ्यांसमोर शिव्या देऊन हाकलून दिलं.

खोकला वाढला तशी मी बीडीही वाढवली. धुराने सुताची धूळ कापली जाते, छाती मोकळी होते, असं आम्ही लूमवाले एकमेकांना सांगायचो. तापाच्या पाचव्या दिवशी मोरीपर्यंत जाताना ओठ निळे पडले. माझी बायको सुलभा मला टॅक्सीत घालून ठाण्याला घेऊन आली.

"त्या जब्बारने मला मारलं," मी डॉक्टरांना सांगितलं.

"तो धोटा किती जणांनी तोंडाला लावला?"

"सहा जणांनी, मला धरून."

"त्यांतले इथे किती आले?"

सुलभा म्हणाली, "हे एकटेच. जब्बार चार दिवसांत उठला. दुसरीकडे ड्युटीवर पण लागलाय."

"तो बीडी ओढतो?"

"पानसुद्धा खात न्हाय तो."

डॉक्टर खाटेच्या कडेला बसून सांगू लागले. श्वासनळीत बारीक लव असते, ती धूळ आणि जंतू वर ढकलते. धुराने ती लुळी पडते. बीडी न ओढणाऱ्यालाही फ्लू होतो, कधी जबरही होतो. पण ओढणाऱ्याच्या छातीत विषाणूला वाट मोकळी मिळते. "ताप जब्बारकडून आला असेल," ते म्हणाले, "न्यूमोनियाची तयारी तुम्ही किती वर्षं करत होतात?"

मी सौद्याला बसलो. "दिवसाला चार चालतील?"

"नाही."

"जेवणानंतर एक?"

"निकोटीन तुमच्यापेक्षा पक्का व्यापारी आहे, शेठ. एकीवर थांबणार नाही." निकोटीन म्हणजे तंबाखूतलं सवय लावणारं द्रव्य.

पुढचे दिवस वाईट गेले. बीडीवाचून झोप लागायची नाही. सुलभाने आणलेला डबा मी दोनदा परत पाठवला. तिने तो तिसऱ्यांदा आणला. ऑक्सिजनची नळी निघाली तेव्हा वॉर्डाच्या दारापर्यंत चालत गेलो आणि भिंतीला धरून उभा राहिलो. पण बीडी मागितली नाही.

घरी आल्यावर आठवड्याने जब्बारच्या खोलीवर गेलो. दुसरा मजला, उभा जिना. माफी मागायला नव्हतो गेलो. तापात कामावर यायला नको होतं, हे मी आजही म्हणतो. मला कारागीर परत हवा होता.

परत ये म्हणालो. तो दारातच उभा राहिला. "आऊँगा सेठ. लेकिन शेड में बीडी नहीं जलेगी. आपकी भी नहीं. और दोरा मुँह से नहीं, तार के हुक से खींचेंगे."

माझ्या शेडमध्ये अटी घालणारा हा कोण, असं ओठांवर आलं होतं. पण जिना चढून छाती भात्यासारखी हलत होती, शब्द फुटेना. मी नुसती होकारार्थी मान हलवली. त्याने आतून स्टूल आणून दिलं, पाणी दिलं.

माझ्यासारखे जे कोणी सुताच्या धुळीत बीडी पेटवत असतील, त्यांच्यासाठी हे लिहिलं. साथ आली की दोष द्यायला माणूस लगेच सापडतो. आधी स्वतःची छाती तपासा.

पाणी पिऊन माझा दम परत आला. तेव्हा हलवलेली मान मागे घेता आली असती. सौद्यात मी तसं पुष्कळदा केलं आहे. त्या दिवशी घेतली नाही. उभ्या केलेल्या शेडपेक्षा मला याचा अभिमान जास्त आहे.